एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं मशीन) मातीतलं शिसं, आर्सेनिक मोजताय? मग आधी सॅम्पलकडे बघा

मशीन कितीही भारी असू दे, ओल्या ढेकळावर हातातली एक्सआरएफ गन टेकवून ट्रिगर दाबला तर येणारा आकडा फारसा कामाचा नसतो. पाण्यामुळे सिग्नल मार खातो, आणि ओल २० टक्क्यांच्या वर गेली की गडबड मोठीच होते. म्हणून माती सावलीत पसरून वाळवा, घाई असेल तर ओव्हन चालेल, पण पारा बघायचा असेल तर ओव्हन अजिबात नको, तो उडून जातो. खडे, मुळं काढून २५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, पेलेट (पावडर दाबून केलेली वडी) करणार असाल तर पार ७५ मायक्रॉनच्या खाली दळा. दळायला अगेटचं (अकीक दगडाचं) भांडं घ्या, कारण टंगस्टन कार्बाइडचं घेतलं की टंगस्टन आणि कोबाल्ट भांड्यातूनच सॅम्पलमध्ये उतरतात आणि रिपोर्टमध्ये प्रदूषण म्हणून दिसतात.

पावडरमध्ये वॅक्स बाइंडर (पावडर धरून ठेवणारं मेण) नीट मिसळून ४० मिमीच्या डायमध्ये (साच्यात) १५-२० टनांवर दाबा आणि प्रेशर हळूहळू सोडा, झटक्यात सोडलं तर पेलेट तडकते. तयार पेलेटच्या मोजायच्या बाजूला बोट लावू नका.

आता खरी मेख. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं, त्या रेषांना के-अल्फा, एल-बीटा अशी नावं आहेत. आर्सेनिकची के-अल्फा १०.५४ केईव्हीला (हे ऊर्जेचं एकक), शिशाची एल-अल्फा १०.५५ ला, म्हणजे दोन्ही पीक जवळपास एकावर एक! शिसं १२.६१ च्या एल-बीटावरून वाचा. शिसं आर्सेनिकच्या दहापट किंवा जास्त असेल तर एक्सआरएफच्या आर्सेनिकवर विसंबू नका, सरळ आयसीपी-एमएसला (सॅम्पल विरघळवून करायची प्रयोगशाळेतली चाचणी) पाठवा.

आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत अजून एक भानगड आहे, लोह भरपूर, त्याची के-बीटा कोबाल्टला चिकटते, आणि टायटॅनियमची व्हॅनेडियमला. तांबं तर बेसाल्टमध्ये मुळातच १०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर सापडतं, त्यामुळे तांबं जास्त दिसलं म्हणून लगेच शेजारच्या कारखान्याला दोष देऊ नका, त्याच खडकावरची, वस्तीपासून लांबची माती आधी मोजा. हे केल्याशिवाय लोकांसमोर आकडे मांडणं मला तरी पटत नाही.

रोज सुरुवातीला स्वच्छ क्वार्ट्झ वाळूचा ब्लँक (ज्यात हे धातू दिसायला नकोत असा नमुना) आणि एखादी प्रमाणित माती लावा, अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची २७११ए छान आहे, शिसं साधारण १४०० पीपीएम. आणि कॅडमियम, पारा ‘सापडला नाही’ असं आलं तर रिपोर्टमध्ये शून्य लिहू नका, डिटेक्शन लिमिटचा (मशीनला दिसू शकणाऱ्या किमान प्रमाणाचा) आकडा टाकून ‘त्यापेक्षा कमी’ असं लिहा.