आजोबांची चीनची वही: जुनं प्रवासटिपण कसं वाचावं

नौपाड्यातली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आईच्या वडिलांची वही निघाली. बाविसाव्या वर्षी ते बोटीवर कारकुनाच्या हाताखाली होते. हाँगकाँग, क्यांटन, आमॉय, शांघाय. अर्धी वही मोडीत, अर्धी बाळबोधीत, आणि तारीख कुठेच नाही. तुमच्या घरी असं काही असेल तर मी काय केलं ते सांगते.

आधी कागद जपा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. मावसभावानं प्रेमापोटी दोन पानं लॅमिनेट करून आणली, ती आता प्लॅस्टिकमधून सुटत नाहीत. खिडकीपाशी, थेट ऊन टाळून, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि वाचायचं ते फोटोवरूनच. मोडी येत नसेल तर शिका. आजोबांचं वळण माझ्या डोळ्यांत बसायला तीन महिने गेले.

गावांची नावं कानावर पडली तशी लिहिलेली असतात आणि आजच्या नकाशात ती मिळत नाहीत. क्यांटन म्हणजे ग्वांगचौ, आमॉय म्हणजे श्यामेन. १८४२च्या नानकिंगच्या तहानं इंग्रजांनी क्यांटन, आमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय ही बंदरं व्यापाराला उघडून घेतली आणि हाँगकाँग स्वतःकडे ठेवलं. एवढी यादी वहीशेजारी लिहून ठेवा.

आता तारीख. यासाठी इमारती शोधा आणि कुणाला कुठे मज्जाव होता ते शोधा. आमच्या घरात सगळे १९३२ म्हणायचे. पण शांघायच्या पानावर आजोबांनी नदीकाठच्या कस्टम हाउसच्या घड्याळाचे टोले ऐकलेत, आणि ते त्यांना राजाबाई टॉवरसारखे वाटलेत. ती इमारत उघडली डिसेंबर १९२७ मध्ये. त्याच पानावर खाली, नदीकाठच्या बागेच्या दारात चिनी माणसाला आत सोडत नाहीत, त्याच्याच गावात, असं लिहून शाईनं दोनदा अधोरेखित केलंय. ती बाग चिनी लोकांना खुली झाली जून १९२८ मध्ये. म्हणजे मधले जेमतेम सहा महिने! त्यात थंडीनं बोटं वळत नसल्याची तक्रार आहे, तेव्हा १९२८ची सुरुवात धरायला हरकत नाही. त्या रात्री मी आईला झोपेतून उठवून सांगितलं.

एखादी गोष्ट वहीत नाही, म्हणून ती तिथे नव्हती असं मात्र धरू नका. शांघायचे शीख पोलीस त्यांनी भरभरून लिहिलेत, रिक्षांबद्दल अवाक्षर नाही. रस्तोरस्ती रिक्षा होत्या.

नक्कल करताना काही गाळू नका, सुधारू नका. क्यांटनच्या नदीत होड्यांवरच जन्म काढणाऱ्या कुटुंबांविषयी एक ओळ वाईट आहे, मला लाज वाटली, तरी ती तशीच ठेवली. कारण पुढच्याच पानावर, आमॉयला, धक्क्यावर बसलेली एक म्हातारी आहे. लहानपणी बांधलेली तिची पावलं आजोबांच्या मुठीएवढी. जिना उतरायला त्यांनी हात पुढे केला, तिनं घेतला नाही. अर्धं पान त्यावर आहे.

वाचलेलं घरातल्या मोठ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, सावकाश. माझी आई चौऱ्याऐंशीची. म्हातारीचा मजकूर ऐकून म्हणाली, अण्णा हे कधी बोलले नाहीत गं. मग म्हणाली, परत वाच.