मीटर रस्त्यावर, गाडी कोठ्यापाशी: घरी ईव्ही चार्जर बसवताना या चुका टाळा

शहरातल्या बंगल्यात मीटर आणि गाडी यांच्यात फार तर दहा-बारा मीटर अंतर असतं. विदर्भातल्या गावात मीटर रस्त्याकडच्या भिंतीवर असतो आणि गाडी मागच्या आवारात, कोठ्याच्या (गोठ्याच्या) शेडखाली किंवा थेट वावरातल्या घरापाशी. मधे साठ-ऐंशी मीटर, कधी त्याहून जास्त. चार्जर कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर घरात आठवडाभर खल चालतो. मधल्या केबलचं आणि अर्थिंगचं काम मात्र वायरमनवर सोडून दिलं जातं, आणि पुढे बिघाड बहुतेक तिथंच निघतो. कंपनीच्या 'मोफत इन्स्टॉलेशन'मध्येही केबल ठरावीक मीटरचीच असते, तेवढं आधी वाचून घ्या.

गरज न मोजता ७.४ किलोवॅटचा चार्जर घेणं

रोजची धाव ५० किलोमीटर असेल तर गाडीला साधारण ७-८ युनिट लागतात. गाडीसोबत मिळणारा १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर तासाला सुमारे ३.३ युनिट देतो, म्हणजे तीन तासांच्या आत काम होतं. रात्रभर गाडी दारातच उभी असते. रोज दीड-दोनशे किलोमीटर चालवणाऱ्याला किंवा लाइन मोजकेच तास टिकणाऱ्या गावात मोठा चार्जर खरंच उपयोगी पडतो. बाकीच्यांनी तोच पैसा चांगल्या केबलमध्ये घालावा.

मोठाच हवा असेल तर आधी बिलावरचा मंजूर भार बघा. गावातल्या बऱ्याच घरांचा भार एक-दोन किलोवॅट असतो आणि त्यावर ३२ अँपिअरचा, म्हणजे ७.४ किलोवॅटचा चार्जर जोडला की सर्व्हिस वायर, कटआउट (फ्यूज) आणि मीटरचे टर्मिनल तिन्ही तापतात. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट हे काम चार्जर आणण्याआधी करायचं असतं.

थ्री-फेज कनेक्शन असलेल्यांची चूक वेगळी. 'थ्री-फेज आहे, मग ११ किलोवॅटचाच घेऊ' म्हणून तो चार्जर बसवतात आणि गाडी मात्र ३.६ किलोवॅटनेच चार्ज होते. ११ किलोवॅटचा चार्जर दर फेजला १६ अँपिअर देतो. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर (आलेली एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) सिंगल-फेज असेल तर ती एकाच फेजवरून १६ अँपिअर घेणार. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांचा ऑनबोर्ड चार्जर ७.२ किलोवॅटचा आणि सिंगल-फेज आहे. गाडीचं मॅन्युअल उघडून हा एक आकडा बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

लांब अंतराला बारीक वायर

३२ अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते, असं वायरमन सांगतो. पंधरा मीटरसाठी ते बरोबर आहे. ८० मीटरवर हिशोब बदलतो, कारण करंट जाऊन परत यायचा म्हणजे १६० मीटरचा रस्ता. ६ चौरस मिलिमीटर तांब्यात ३२ अँपिअरला सुमारे १६ व्होल्ट वाटेतच पडतात (कमी होतात), म्हणजे २३० च्या ७ टक्के. १० मध्ये साडेनऊ, १६ मध्ये सहा व्होल्ट. अॅल्युमिनियमची केबल घेतली तर १६ मध्ये पावणेदहा आणि २५ मध्ये पुन्हा सहाच्या आसपास. हे आकडे २० अंशांवरचे आहेत. लोडखाली केबल तापली की आणखी १५-२० टक्के वाढ धरा. तीन टक्क्यांच्या आत राहायचं तर ८० मीटरला १६ चौरस मिलिमीटर तांबं किंवा २५ अॅल्युमिनियम लागतं. खिशाला दुसरं परवडतं आणि त्यात काही कमीपणाही नाही. १५ अँपिअरच्या चार्जरला याच अंतरावर ६ चौरस मिलिमीटर तांबं जेमतेम पुरतं.

वायर बारीक राहिली तर दोन गोष्टी होतात. एक, ६ चौरस मिलिमीटरच्या त्या केबलमध्ये अर्धा किलोवॅट नुसता उष्णतेत जातो आणि त्याचं बिल तुम्हीच भरता. दुसरं, संध्याकाळी गावठाणाच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांचे कूलर आणि मोटारी चालू असताना मीटरपाशीच २०० व्होल्ट असतील, तर चार्जरपर्यंत १८०-१८५ पोचतात. अनेक चार्जर याच आसपास 'अंडरव्होल्टेज' दाखवून थांबतात. म्हणून काम ठरवण्याआधी सलग चार-पाच दिवस रात्री आठला आणि पहाटे चारला मल्टिमीटरने व्होल्टेज लिहून ठेवा. मे महिन्यातले आकडे मिळाले तर उत्तम.

यावर उपाय म्हणून दुकानदार स्टॅबिलायझर गळ्यात मारतो. ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर २३० व्होल्टला २१-२२ अँपिअरच देऊ शकतो, ३२ अँपिअरखाली तो जळणार. मोठा घेतला तरी तो करंट वाढवूनच व्होल्टेज उचलतो: बाहेर ३२ अँपिअर हवे आणि आत १७० व्होल्ट असतील तर आत ४३ अँपिअर ओढले जातात. त्याच लांब केबलमधून. व्होल्टेज आणखी पडतं आणि ४० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) गरम होऊन उडतो. बहुतेक वॉलबॉक्समध्ये (भिंतीवरच्या चार्जरमध्ये) करंट कमी करायची सोय असते. संध्याकाळी १६ अँपिअरवर ठेवा किंवा टायमर लावून रात्री अकरानंतर चार्ज करा. त्याला खर्च शून्य.

अॅल्युमिनियमची केबल थेट चार्जरच्या टर्मिनलमध्ये खुपसू नका. शेडमध्ये जंक्शन बॉक्स लावा, त्यात बायमेटॅलिक लग (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडायचं टोक) वापरा आणि तिथून चार्जरपर्यंत दोन-तीन मीटर तांब्याची वायर न्या. अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसतं, स्क्रू सैल होतो आणि काळा पडलेला टर्मिनल सहा महिन्यांनी सापडतो.

केबल आर्मर्डच (पोलादी कवचाची) हवी आणि ती पाऊण मीटर खोल. खाली-वर वाळू, त्यावर विटा. ट्रॅक्टर-बंडी जाते तिथं एक मीटर खोलीवर पाइपमधून. काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात फुगते, तेव्हा ताणून टाकलेली केबल जोडाशी उपटते. दोन्ही टोकांना दोन-तीन मीटर वळसा सोडा. मधे जोड देऊ नका. भिंतीवरून किंवा धुऱ्यावरून लोंबती साधी वायर नेली तर घुशी आणि खारी तिचा निकाल लावतात.

अर्थिंगला फसवणं

चार्जरला अर्थ मिळाला नाही की तो लाल दिवा लावून बसतो. मग कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा एक तुकडा जोडून देतो. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूष. या लेखातली सर्वांत घातक चूक हीच.

गावात खांबावरचा न्यूट्रल तुटणं ही नवलाची गोष्ट नाही. वादळात फांदी पडली की होतं. तुकडा जोडलेला असताना न्यूट्रल तुटला तर घरातल्या उपकरणांतून आलेली फेज त्या तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर येते. टायर रबराचे असल्यामुळे गाडी जमिनीपासून वेगळी राहते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्याच्या अंगातून मग वाट मिळते. वीज परत येणाऱ्या रस्त्यातच गडबड असल्यामुळे अशा वेळी आरसीसीबीवरही (वीज गळताच लाइन तोडणाऱ्या स्विचवरही) विसंबता येत नाही. घराच्या बोर्डात आधीपासून असा तुकडा आहे का, हे नवीन काम सुरू करण्याआधी उघडून बघा.

खरा अर्थ तपासायला वायरमन फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावतो आणि तो लख्ख पेटला की 'अर्थ ओके' म्हणतो. बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थ ५० ओहमचा असला तरी जेमतेम २२ व्होल्ट पडतात आणि बल्ब तसाच पेटतो. अर्थ टेस्टरनेच मोजा आणि ५ ओहमच्या आत आणा. ऑगस्टात मोजलेला आकडा मात्र धरू नका. ओली काळी माती वीज छान वाहून नेते, पण एप्रिल-मेमध्ये ती आकसून रॉडभोवती फट सोडते आणि त्याच अर्थचे ओहम कितीतरी पट वाढतात.

चार्जरजवळच ३ मीटरचा कॉपर-बाँडेड रॉड, भोवती अर्थिंग कंपाउंड, वर पाणी घालायचा पाइप आणि झाकण. एकाने भागलं नाही तर पाच-सहा मीटरवर दुसरा रॉड ठोकून दोन्ही जोडा; जवळजवळ ठोकलेल्या दोन रॉडचा फायदा निम्माही मिळत नाही. मीठ-कोळशाचा खड्डा सुरुवातीला चांगला आकडा दाखवतो, पण मीठ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातं आणि पावसात धुऊन जातं. मीटर-दीड मीटरवर पाषाण लागत असेल तर रॉड आडवा-तिडवा वाकवत बसू नका. केबलच्याच चरात जीआयची पट्टी दहा-पंधरा मीटर आडवी पुरा. बाथरूमचं पाणी मुरतं ती बाजू निवडली तर उन्हाळाही निभतो. शेडचा अर्थ आणि घराचा अर्थ केबलच्या तिसऱ्या कोअरने (आतल्या तारेने) एकमेकांना जोडलेले असू द्या.

आता ५ ओहमचा अर्थ झाला म्हणून एमसीबी वाचवेल असं समजू नका. फेज पत्र्याला टेकली तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. ४० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी झटक्यात उडायला निदान २०० अँपिअर लागतात. जीव वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तोही 'टाइप ए' हवा; दुकानात स्वस्तात मिळणारा 'टाइप एसी' गाडीच्या चार्जरमधून येणाऱ्या डीसी गळतीने आंधळा होतो. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते विचारा. नसेल तर 'टाइप बी' लागेल, आणि तो महाग आहे.

त्याच बोर्डात ओव्हर-अंडरव्होल्टेज रिले (व्होल्टेज फार वाढलं किंवा पडलं की लाइन तोडणारा) आणि टाइप २ सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारा) असू द्या. थ्री-फेज घरात न्यूट्रल गेला की एखाद्या फेजवर साडेतीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात, आणि मे-जूनच्या विजा तर सांगायलाच नकोत.

पंपाच्या लाइनवरून चार्ज करणं

वावरातल्या घरी पंपाचा स्टार्टर समोरच असतो, त्यामुळे मोह होतो. कृषिपंपाचं कनेक्शन गाडीसाठी वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे. लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. शिवाय शेतीच्या फीडरवर एक फेज गेली की शेजारचे कंडेन्सर लावून मोटारी चालवतात, आणि मेलेल्या फेजवर भलतंच व्होल्टेज फिरत असतं. वावरात घरगुती कनेक्शन वेगळं घ्या.

सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरचंही तेच. एसी मोटरचा कंट्रोलर बदलत्या फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज वीज देतो, डीसीचा तर वेगळाच प्रकार. चार्जरला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लागतात. छतावर ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनशी जोडलेला) सोलर असेल तर लाइन गेल्यावर तोही बंद पडतो, कितीही ऊन असलं तरी. घरातल्या छोट्या इन्व्हर्टरच्या लाइनवर चार्जर येणार नाही एवढंही बघा.

जागा आणि सॉकेट

अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीवर किंवा टिनाला चिकटून बसवलेला चार्जर दुपारी स्वतःच करंट कमी करतो. उत्तर किंवा पूर्व भिंत, सावली, वायर खालून आत आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथली पकड) घट्ट. नाहीतर मुंग्या आणि पाली घर करतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे सॉकेट जमिनीपासून किमान ८० सेंटिमीटर वर हवं, गाडी चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत उभी राहावी आणि एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. पोर्टेबल चार्जरला गिझरचं सॉकेट देऊ नका. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी कित्येक तास. १६ अँपिअरचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट आणि २० अँपिअरचा एमसीबी लावा. चार्जरचा प्लग त्यात थेट बसत नसेल तर अॅडाप्टर जोडू नका, कंपनीकडून विचारून घ्या.

लक्षणावरून बिघाड शोधताना

आरसीसीबी गाडी जोडताच उडतो: वाड्यात भावाभावांचे वेगळे मीटर असतील तर फेज एकाची आणि न्यूट्रल दुसऱ्याचा जोडला गेलाय का ते आधी बघा. हे सर्रास सापडतं.

फक्त पावसात उडतो: जंक्शन बॉक्समध्ये पाणी किंवा केबलला जखम. मेन बंद करा, केबलची दोन्ही टोकं सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) मोजा. एक मेगाओहमच्या खाली आकडा असेल तर केबल गेली.

एमसीबी अर्ध्या-पाऊण तासाने उडतो: शॉर्ट असता तर लगेच उडाला असता. ही टर्मिनलची उष्णता. मेन बंद करून स्क्रू आवळा आणि पिवळा पडलेला एमसीबी बदला. ३२ अँपिअरच्या चार्जरला ३२ चाच एमसीबी लावला असेल तरी असंच होतं, ४० चा लावा. मात्र केबल तेवढ्या क्षमतेची आहे ना, ते आधी.

चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवतो, पण रॉड नवा आहे: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे घ्या. फेज-अर्थ १००-१२० च्या आसपास असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. फेज-अर्थ नीट आणि न्यूट्रल-अर्थ दहाच्या वर असेल तर न्यूट्रलचा जोड सैल आहे. तो खांबावर निघाला तर लाइनमनला बोलवा, स्वतः चढू नका.