परसबागेतील मित्रकीटक आणि शत्रुकीटक कसे ओळखावेत

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस आले, थंडी पडली आणि दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले, की पावटा, शेवगा आणि जास्वंद यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, चढतो. पाने चकाकू लागतात आणि बोटांना चिकटतात. रब्बी ज्वारीवर शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात, तसाच हा प्रकार असतो. अशा वेळी ‘एकच औषध सगळ्या किडींवर चालते’ असे सांगून कोणीतरी बाटली हातात देते. हा सल्ला कोणीही ऐकू नये, असे मी निक्षून सांगतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले घालते आणि ती पिल्ले आठवडाभरात वाढून स्वतः पिल्ले घालू लागतात. माव्याला खाणारे कीटक मात्र अंडी, अळी, कोष अशा अवस्थांतून सावकाश वाढतात. फवारणीत दोन्ही मेले, तर आधी मावा परत येतो आणि त्याला खाणारे कोणी उरलेले नसते.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी झाड पाहावे आणि प्रत्येक पान उलटून पाहावे.

त्यानंतर नुकसान कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवावे. पान कुरतडलेले किंवा खरवडलेले असेल, तर अळी किंवा भुंगेरा शोधावा. पान आकसलेले, वळलेले किंवा चिकट असेल, तर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण यांपैकी कोणीतरी रस शोषत आहे.

आता खरी अवघड पायरी येते, आणि बहुतेक चुका येथेच होतात. मावा खाणाऱ्या ढालकिड्याचा (लेडीबर्डचा) लालभडक, ठिपक्यांचा भुंगेरा सर्वजण ओळखतात, परंतु त्याची अळी फार थोड्यांना ओळखता येते. ती करड्या-काळ्या रंगाची, शेपटीकडे निमुळती, अंगावर नारिंगी ठिपके असलेली आणि पुढच्या भागात सहा पाय असलेली असते. दिसायला ती इतकी विद्रूप असते की माणूस तिला आधी चिरडतो. वास्तविक ही अळी पान अजिबात खात नाही आणि दोन-तीन आठवड्यांच्या आपल्या वाढीत शेकडो मावे फस्त करते.

माझी स्वतःची चूक पिठ्या ढेकणाच्या बाबतीत झाली. जास्वंदावर पांढरा कापूस दिसला, म्हणून मी ओल्या फडक्याने एकेक फांदी पुसून काढली आणि काम नीट झाले असे समजलो. महिन्याभरात झाड पुन्हा पांढरे झाले. दुसऱ्या वेळी भिंग घेऊन बसलो, तेव्हा त्या कापसातील काही ‘ढेकूण’ चालत असल्याचे आणि उरलेल्यांना खात असल्याचे दिसले. त्या क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या. हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, आणि डाळिंब व द्राक्षाच्या बागांत तो मुद्दाम सोडण्याची शिफारस केली जाते. बागायतदार जो कीटक पैसे मोजून आणतात, तो माझ्या दारात आपणहून आला होता आणि मी त्याला फडक्याने पुसून टाकले होते. म्हणून पांढरे काहीही दिसले, तर प्रथम गवताच्या काडीने हलकेच डिवचावे. पिठ्या ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही. क्रिप्टोलिमसची अळी झपाट्याने चालू लागते, तिच्या अंगावरील मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले असतात, आणि पूर्ण वाढल्यावर ती ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट लांब दिसते.

याच्या उलट फसवणूक वांग्यावर होते. तेथे ढालकिड्यासारखाच दिसणारा, परंतु निस्तेज तांबूस रंगाचा, अंगावर बारीक लव असलेला आणि बहुधा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा येतो. त्याच्या पिवळ्या, काटेरी अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून त्याची जाळी करतात. यांना मित्र समजून सोडले, तर वांगे हातचे जाते. भुंगेरे, अळ्या आणि पानाखालची पिवळी अंडी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावीत. चकचकीत अंग आणि शेजारी मावा असेल, तर तो मित्र. निस्तेज अंग आणि जाळी झालेले पान असेल, तर शत्रू, हा ठोकताळा मला आजवर उपयोगी पडला आहे.

माव्याच्या घोळक्यात फुगलेले, गव्हाळ रंगाचे, निर्जीव मावे दिसले, तर ती पाने तोडू नयेत. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते आणि ती प्रौढ होऊन गोल भोक पाडून बाहेर पडते. केसासारख्या देठावर टेकलेले पांढरे ठिपके ही क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची अंडी होत. ती बुरशी समजून पुसू नयेत.

असे मित्र दिसले, तर आठ दिवस थांबावे. या काळात मुंग्यांना मात्र अडवावे, कारण चिकट गोडव्यासाठी त्या माव्याची आणि ढेकणाची राखण करतात. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन लावावे.

मित्र दिसलेच नाहीत, तर पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे तीन दिवस धुवावेत. त्यानेही भागले नाही, तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून फक्त कीड असलेल्या फांदीवर संध्याकाळी फवारावे. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात दुपारी फवारले, तर पाने करपतात.

लिंबू आणि कढीपत्त्यावरील हिरवी अळी हा वेगळा प्रश्न आहे. ती पाने खाते, परंतु तिचेच फुलपाखरू पुढे फुलांवर फिरून परागीभवनाला हातभार लावते. रोप हातभर असेल, तर अळ्या वेचाव्यात; झाड मोठे असेल, तर त्या राहू द्याव्यात.

मित्रकीटक टिकून राहण्यासाठी बारीक फुले लागतात, कारण त्यांतील अनेकांचे प्रौढ मध आणि परागकणांवर जगतात. शेपू आणि कोथिंबिरीची चार रोपे फुलू द्यावीत. होळीनंतर ती वाळून जातात, तेव्हा तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडण्याची सवय सोडून निम्म्या तरी झाडावर राहू द्याव्यात.