हेराल्डची क्लच पाइप बदलताय? खरी कटकट एअर काढण्यात आहे

स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे १९६१ पासून मद्रासला बनायची ती गाडी, तिला क्लच केबल नसते, क्लच ऑइलच्या दाबाने चालतो. वर पेडलने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर आणि त्याची ऑइलची टाकी, खाली गिअरबॉक्सपाशी तो दाब घेऊन क्लच हलवणारा स्लेव्ह सिलिंडर आणि मधे ही पाइप.

टाकीतलं ऑइल काढा, आजूबाजूला चिंध्या टाका, यात ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं. नट हलत नसेल तर साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल करत बसू नका, पाइप जाणारच आहे, सरळ कापा आणि नटावर सॉकेट लावा. नवी पाइप जुनीच्या मापाने वाकवा, एक्झॉस्टपासून लांब ठेवा. नट आधी ओवा, मग पाइपचं तोंड फुलवा, उलटं एकदा तरी प्रत्येकजण करतो.

आता एअर, म्हणजे पाइप उघडल्यावर आत शिरलेली हवा. "पेडल मार, धर, सोड" हा सल्ला देणाऱ्यांनी माझे दोन रविवार खाल्लेत. पाय दुखेपर्यंत पंप केलं, अर्धा लिटर ऑइल गेलं, पेडल तसंच मऊ. शेवटी गाडीखाली झोपून टॉर्च मारला तर आधीच्या मिस्तरीने स्लेव्ह उलटा बसवलेला, निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) खाली! हवा वर राहणार, ती खालच्या भोकातून कशी निघेल? त्यामुळे सगळ्यात आधी निपल वर आहे का ते बघा.

मग खालून वर भरा. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी आणा. नळी ऑइलने पूर्ण भरा, आत एकही बुडबुडा नको, नाहीतर तुम्हीच हवा भरताय. स्लेव्हचा पिस्टन रॉडने मागे दाबून धरायला कोणीतरी घ्या, निपल अर्धा आटा सैल करा आणि हळू, अगदी हळू ढकला. वर टाकीत बुडबुडे फुटताना दिसतात. ढकलताना खूप जोर लागला तर थांबा, पेडल पूर्ण वर आलेलं नसतं, त्यामुळे मास्टरमधलं टाकीकडचं भोक बंद राहतं, आधी पेडलला थोडा प्ले (मोकळी हालचाल) द्या. टाकी भरत आली की वरून ऑइल उपसा. बुडबुडे थांबले की सिरिंजवरचा दाब न सोडता निपल आवळा.

ऑइल सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा ४ ग्रेडचं ब्रेक ऑइलच. नावात ऑइल आहे म्हणून इंजिन ऑइल ओतलेल्या गाडीचे रबर मी फुगलेले पाहिलेत.

इंजिन चालू करून क्लच दाबा, दहा सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. कर्रर्र झालं तर पुन्हा सिरिंज.