प्रवास विमा घेताना दिव्यांगत्वाची नोंद कशी करावी

परदेश प्रवासाच्या विम्याच्या प्रस्ताव अर्जात ‘आधीपासूनचा काही आजार आहे का?’ असा प्रश्न असतो आणि दिव्यांग प्रवासी नेमका तिथेच अडखळतो, कारण लहानपणी पोलिओमुळे अधू झालेला पाय त्याच्या लेखी आजार नसतोच. तरीही ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नये. विम्याचा करार परम सद्भावाच्या, म्हणजे महत्त्वाचे सारे काही प्रामाणिकपणे सांगण्याच्या तत्त्वावर उभा असतो, त्यामुळे महत्त्वाची माहिती दडवली असे ठरले तर कंपनीला क्लेम नाकारायला आधार मिळतो. माझ्या मावशीच्या अर्जात एजंटने तिला न विचारताच ‘नाही’वर खूण केली होती, आम्ही तो अर्ज परत मागवून दुरुस्त करून घेतला. अर्ज स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका आणि ओटीपीही सांगू नका.

नुसते ‘दिव्यांग’ लिहून भागत नाही. यूडीआयडी कार्डावरच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरच्या) दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवरून प्रकृती कळत नाही. म्हणून कारण, सध्याची स्थिती आणि चालू उपचार हे तिन्ही लिहावे. मावशीसाठी आम्ही लिहिले ते असे: ‘वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओ, उजवा पाय कमजोर, कॅलिपर व कुबडी वापरते, यासाठी सध्या कोणतेही औषध नाही.’ मणक्याच्या दुखापतीने पाय गेले असतील आणि मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा शय्याव्रण (सतत बसून वा पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) वारंवार होत असतील, तर तेही लिहावे, कारण प्रवासात दवाखाना गाठावा लागतो तो बहुधा अशाच तक्रारींमुळे.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीला ईमेल करून, या स्थितीतून उद्भवलेल्या उपचारांचा खर्च मिळेल की केवळ जीव धोक्यात असतानाच मिळेल, हे विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे. पॉलिसी हाती आल्यावर आपण दिलेली माहिती तिच्यात जशीच्या तशी उतरली आहे का, ते पाहावे.

व्हीलचेअरची चौकशी वेगळी करावी लागते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीसाठी विमान कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंतच असते (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे), आणि बॅटरीवर चालणारी चांगली खुर्ची त्याहून महाग असू शकते. सामान सोपवतानाच तिची किंमत विशेष घोषणेने नोंदवली, तर ही मर्यादा वाढते. त्यासाठी जादा शुल्क पडू शकते. विम्यात खुर्चीला किती संरक्षण आहे, तेही आधीच विचारून ठेवावे.

क्लेम नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत, आणि तक्रारीला शुल्क पडत नाही.