सामुदायिक रेडिओवर गाणी, गावची खबर आणि प्रश्नांचा पाठपुरावा : एका साप्ताहिक कार्यक्रमाची पूर्वतयारी

सामुदायिक रेडिओ केंद्रावर आठवड्यातला एक तास मिळवून त्यात स्थानिक संगीत, परिसरातली उपयुक्त माहिती आणि एखाद्या सार्वजनिक प्रश्नाचा पाठपुरावा असा कार्यक्रम चालवू पाहणाऱ्या गटासाठी हे टिपण लिहिले आहे. स्वतःचे केंद्र उभारणे हा वेगळा उद्योग आहे. त्यासाठी स्थानिक पातळीवर काही वर्षे काम केलेली नोंदणीकृत ना-नफा संस्था किंवा शिक्षणसंस्था लागते, आणि व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला परवानगी मिळत नाही. चार-पाच जणांच्या गटाने आधीपासून चालू असलेल्या केंद्राकडे जावे, हे अधिक शहाणपणाचे. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी अशी केंद्रे महाराष्ट्रात आहेत. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर आणि लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत, अशी अट या केंद्रांवर असते. ती अट पाळताना त्यांचीही ओढाताण होते, त्यामुळे तुम्ही काही मागायला नव्हे, तर द्यायला आला आहात अशा भूमिकेतून बोलावे. जाताना लांबलचक प्रस्ताव नेण्यापेक्षा दहा मिनिटांचा तयार नमुना पेन ड्राइव्हवर न्यावा. केंद्रप्रमुख तो तिथल्या तिथे ऐकतात, आणि निर्णय बहुधा त्यावरच होतो.

बातमीचे काय करायचे

सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून हा भाग सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले, आणि त्या खटल्यातले प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. त्यानंतरही या मालमत्तेचा छोटासा तुकडा लोकांच्या हाती यायला बराच काळ गेला. २००२च्या अखेरीस केवळ शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००४मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, आणि नोव्हेंबर २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही अर्ज करता येऊ लागला. मात्र बातम्या आणि चालू घडामोडी स्वतः तयार करून प्रसारित करण्यास सामुदायिक केंद्रांना आजही मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या काहीही फेरफार न करता पुढे देता येतात, इतकेच. ज्या देशात दूरचित्रवाणीवर चोवीस तास आरडाओरडा चालतो, त्या देशात जेमतेम दहा किलोमीटर पोहोचणाऱ्या केंद्राला पाणीटंचाईची बातमी देता येऊ नये, हे मला पटत नाही. तथापि नियम मोडला तर तुमच्या कार्यक्रमाची नव्हे, संपूर्ण केंद्राची परवानगी धोक्यात येते, याचे भान ठेवावे.

मनाईच्या बाहेर काय उरते ते पाहिले, तर ते पुष्कळ आहे. हवामान, वाहतूक, परीक्षा व प्रवेश, नोकरीच्या जागा, स्थानिक उत्सव व सांस्कृतिक कार्यक्रम, तसेच वीज, पाणी, आरोग्य, नैसर्गिक आपत्ती यांविषयी प्रशासनाने दिलेल्या सूचना यांना बातमी मानले जात नाही. त्यामुळे कार्यक्रमाच्या सुरुवातीला सहा-सात मिनिटांची ‘गावची खबर’ निर्धास्तपणे देता येते. प्रत्येक सूचनेला उगम असावा, म्हणजे ती पंचायत समितीकडून आली, महावितरणकडून आली की प्राथमिक आरोग्य केंद्राकडून, हे निवेदनात सांगावे आणि मूळ कागदाचा फोटो संग्रही ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी सूचना संबंधित कार्यालयाला फोन करून खरी ठरल्याशिवाय वाचू नये.

उरलेला भाग म्हणजे चळवळीचा, सार्वजनिक प्रश्नाच्या पाठपुराव्याचा. संगम रेडिओचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तत्कालीन आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने हे केंद्र सुरू केले आणि ते चालवण्याची जबाबदारी गावातल्या दलित स्त्रियांनी घेतली. घरचे बियाणे, भरडधान्ये, सणवार आणि त्यांची गाणी हे त्यांचे विषय. शेती कोणाच्या ताब्यात असावी या मोठ्या प्रश्नावरचा हा सगळा युक्तिवादच आहे, फक्त त्यात घोषणा नाही आणि पक्षाचे नाव नाही. आपल्या कार्यक्रमाची दिशाही अशीच ठेवावी. एका वेळी एकच प्रश्न घ्यावा, तो हक्काशी जोडलेला असावा, आणि त्याचे उत्तर देणारा अधिकारी निश्चित सांगता यावा.

रेशनचे उदाहरण घेऊ. ‘आमच्या गावचा दुकानदार धान्य खातो’ हे वाक्य कार्यक्रमात जाता कामा नये. तो आरोप आहे, त्याला पुरावा नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार ओढवू शकते. त्याऐवजी कार्डधारक बाईला तिच्या स्वतःच्या कार्डापुरते बोलू द्यावे : ‘माझं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं. घरात चार माणसं, म्हणजे महिन्याला वीस किलो. ह्या महिन्यात अंगठाच उमटंना, म्हणून रिकामं परत लावलं.’ येथे निवेदकाने मध्ये पडून पार्श्वभूमी द्यावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला महिना ३५ किलो धान्य मिळते. कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजल्या की दुकानातले अंगठा घेणारे पॉस मशीन ठसा ओळखत नाही. त्यानंतर दुकानदाराची बाजू घ्यावी, मग तहसील कार्यालयातल्या पुरवठा निरीक्षकाला नेमका एकच प्रश्न विचारावा : अंगठा न उमटणाऱ्या कार्डधारकाला धान्य देण्याची पर्यायी पद्धत कोणती, आणि ती न पाळल्यास तक्रार कोणाकडे करायची? हे उत्तर म्हणजेच तुमच्या कार्यक्रमाचा गाभा. ते ऐकून दुसऱ्या गावातली बाई दुकानात जाऊन हक्काने बोलू शकते.

अधिकाऱ्याने बोलण्याचे टाळले, तर ‘त्यांनी प्रतिक्रिया दिली नाही’ असे एकदा, साध्या आवाजात सांगून थांबावे, टोमणे मारू नयेत. माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि उत्तरासाठी ३० दिवस मोजावेत. या ३० दिवसांत विषय सोडून द्यायचा नाही. दर आठवड्याला अर्धा मिनिट ‘अर्ज कुठवर आला’ हे सांगत राहिले, की श्रोते तारखा लक्षात ठेवू लागतात आणि कार्यालयातही कार्यक्रम ऐकला जाऊ लागतो. माझ्या मते या प्रकारच्या कार्यक्रमाचे सगळे बळ या चिकाटीत आहे. आठवड्याला नवा विषय घेणारा कार्यक्रम रंजक होतो, पण त्यातून पाण्याची एक टाकीसुद्धा दुरुस्त होत नाही.

प्रश्न संवेदनशील असेल, तर कार्यक्रमाची संहिता केंद्राच्या सल्लागार व आशय समितीला आधी ऐकवावी. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत निम्म्या स्त्रिया असणे अपेक्षित आहे, आणि गावातल्या कोणत्या वाक्याने कोणाचे घर अडचणीत येईल हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची आणि बालकांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. केवळ नाव गाळून भागत नाही, गाव, शाळा, नाते आणि आवाज यांवरूनही माणूस ओळखू येतो. निवडणुकीच्या काळात उमेदवार वा पक्ष यांचा उल्लेख संपूर्ण टाळावा.

संगीत

चित्रपटगीतांवर तास भरण्याचा मोह सोडावा. त्यांचे हक्क संगीत कंपन्या व लेखक-संगीतकारांच्या संस्थांकडे असतात, परवान्याचा खर्च केंद्राला झेपेलच असे नाही, आणि ती गाणी श्रोत्याच्या मोबाइलवर आहेतच. भारूड, भजनी मंडळाचे अभंग, धनगरी ओव्या, आंबेडकरी जलशातली गाणी, जात्यावरच्या ओव्या हा ठेवा मात्र दहा किलोमीटरच्या परिघातच सापडतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि तो संग्रह आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो. त्यात सासुरवास आहे, विठ्ठल आहे आणि बाबासाहेबही आहेत. तो चाळून पाहिला, की गाणे आणि प्रश्न यांना एकाच तासात शेजारी बसवता येते हे वेगळे सांगावे लागत नाही.

पारंपरिक ओवी कोणाच्या मालकीची नसते. परंतु ती गाणाऱ्या बाईचा त्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो, आणि शाहिराने स्वतः रचलेल्या कवनाचा हक्क शाहिराचा. म्हणून प्रसारणासाठी आणि संग्रहासाठी अशी दोन्ही संमती एका कागदावर, मराठीत, मोठ्याने वाचून दाखवून घ्यावी. सही येत नसल्यास ध्वनिमुद्रणातच तोंडी संमती घेता येते. मानधन जमत नसेल तर ते आधीच सांगावे. कार्यक्रमात नाव आणि गाव घेतल्याशिवाय गाणे लावू नये.

जात्यावरची ओवी मुद्रित करताना जात्याची घरघर आवाजावर स्वार होते. रेकॉर्डर जमिनीवर ठेवल्यास दगडाचा कंप थेट मायक्रोफोनमध्ये उतरतो, म्हणून तो दुहेरी घडी घातलेल्या गोधडीवर किंवा हातात, गाणारीच्या छातीच्या उंचीला, तोंडापासून वीतभर बाजूला धरावा. आधी दळण चालू ठेवून तीन-चार ओव्या घ्याव्यात, मग जाते थांबवून त्याच ओव्या पुन्हा म्हणवून घ्याव्यात, आणि शेवटी नुसते जाते अर्धा-एक मिनिट मुद्रित करावे. संकलनात हे तीन थर हवे तसे जुळवता येतात. दोन ओळींमधला श्वास कापू नये. तो कापला की गाणे यंत्रासारखे ऐकू येते.

मुद्रण, संकलन आणि तासाची मांडणी

बोलण्याच्या मुद्रणासाठी साधा मोबाइल पुरतो, पण कानात हेडफोन हवेतच. विमान मोडवर टाकावा, पंखा बंद करावा, वाऱ्यात मायक्रोफोनवर स्पंजची टोपी चढवावी. घुमणाऱ्या पत्र्याच्या खोलीपेक्षा कपड्यांचे कपाट किंवा अंथरुणांची चळत असलेली खोली केव्हाही चांगली. प्रत्येक ठिकाणी कोणी बोलत नसतानाचा अर्धा मिनिट मुद्रित करावा, संकलनातले सांधे बुजवायला तो लागतो. ‘ऑडॅसिटी’ हे संकलनाचे सॉफ्टवेअर मोफत आहे. मुद्रण वेव्ह स्वरूपात करावे आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. मुलाखतीतली अडखळ काढावी, पण बोलीची वळणे प्रमाण करण्याच्या फंदात पडू नये.

२०२४पासून केंद्रांना तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात, म्हणून तासाचा कार्यक्रम प्रत्यक्षात ४८ मिनिटांचा धरावा. ओळखधून आणि नमस्कार, गावची खबर, एक गाणे, मग मुख्य विषयाची दोन भागांत विभागलेली पंधरा मिनिटे आणि मध्ये दुसरे गाणे, त्यानंतर श्रोत्यांचे फोन, अखेरीस मागच्या प्रश्नांचा पाठपुरावा आणि निरोपाचे गाणे, असा क्रम साधारणपणे चालतो. निवेदन लिहिताना मिनिटाला १२० ते १३० शब्द धरावेत. थेट फोन घेण्याचे धाडस पहिल्या काही महिन्यांत करू नये. एका क्रमांकावर आवाजी संदेश मागवावेत आणि निवडून लावावेत. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वराने तर २०१०पासून फोनवर सांगितलेल्या गोष्टींवरच लोकांचे व्यासपीठ उभे केले आहे.

प्रसारणाची वेळ ठरवण्यापूर्वी केंद्र कुठवर ऐकू येते ते स्वतः फिरून पाहावे. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती १०० वॅटपर्यंत मर्यादित असते आणि मध्ये डोंगर आला की पलीकडची वाडी सुटते. एफएम असलेला मोबाइल आणि त्याला लागणारा वायरचा हेडफोन घेऊन दुचाकीवरून वाड्यावस्त्या कराव्यात, आवाज कुठे तुटतो ते नकाशावर टिपावे, आणि तिथेच बायकांना, गुराख्यांना, दुकानदारांना कोणत्या वेळी हात रिकामे असतात हे विचारावे. सुटलेल्या वाड्यांसाठी कार्यक्रमाची फाइल मेमरी कार्डवर देण्याची सोय करता येते.

प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन केंद्रावर असते. गटाने मात्र आपली मूळ, न कापलेली मुद्रणे कायमची, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावीत. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि विषय लिहावा, उदाहरणार्थ ‘२०२५-०६-१४_जालिहाळ_रेशन’, आणि संमतीचा कागद स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाकावा. कोणी नंतर संमती मागे घेतली तर मुद्रण पुनःप्रसारणातून काढावे आणि त्याची नोंद त्याच कागदावर तारखेसह करावी.