पटाचा बैल गेल्यानंतर: निरोप, माती आणि उरलेला जोडीदार

शंकरपटात, म्हणजे विदर्भातल्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, पाय मोडलेल्या बैलाला पशुवैद्यकाच्या हातून दयामरण द्यावे लागले, की घरावर दोन दुःखे एकदम कोसळतात: एक जनावर गेल्याचे आणि दुसरे आपण त्याला होकार दिल्याचे. पहिले दुःख साऱ्या गावाला कळते. दुसऱ्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही आणि माणूस आतून पोखरला जातो तो त्यानेच. म्हणून शोक नीट पार पाडायचा असेल, तर काळजी होकार देण्याच्या वेळेपासूनच घ्यावी लागते.

डॉक्टरांना त्या वेळी स्पष्ट विचारावे: कोणते हाड मोडले आहे, ते कातडी फोडून बाहेर आले आहे का, आणि बैल पुन्हा चारही पायांवर भार घेऊ शकेल का. गुडघ्याखालचे हाड सरळ मोडले असेल आणि जखम बंद असेल, तर प्लास्टर घालून बैल वाचण्याची आशा असते. या बाबतीत बैल घोड्यापेक्षा सुदैवी, कारण घोड्याला फार काळ आडवे ठेवता येत नाही आणि तीन पायांवर उभा राहिल्यास त्याच्या चांगल्या पायाचा खूरही निकामी होतो. मात्र भरल्या अंगाच्या बैलाचे मांडीचे हाड मोडले किंवा हाड उघडे पडून त्यात माती गेली, तर उपचार बहुधा यातना लांबवतात. शंका असल्यास जनावरांच्या मदतीसाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा किंवा नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून सल्ला घ्यावा. मिळालेली उत्तरे धुरकरी (पटात जोडी हाकणारा), घरची बाईमाणसे आणि मोठी मुले यांच्यासमोर ऐकावीत व डॉक्टरांकडून लेखी घ्यावीत. पुढे मध्यरात्री ‘आणखी चार दिवस थांबलो असतो तर?’ हा प्रश्न उठतो, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे जखमी बैल कोणाच्या हवाली करून मोकळे होण्याचा विचारही करू नये.

बैलाला रोज चारा घालणारा माणूस शेवटी त्याच्या डोक्याशी असावा; मग तो मालक असो वा सालगडी. कासरा सैल करावा, घुंगरमाळ काढून ठेवावी आणि नेहमीच्या आवाजात बोलत राहावे. डॉक्टर आधी गुंगीचे औषध देतात व नंतर मानेच्या शिरेतून जास्त मात्रेचे भुलीचे औषध सोडतात. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास निघतो, कातडी थरथरते, पाय झटकला जातो. हे आधी माहीत नसलेला माणूस बैल अजून जिवंत आहे, त्याला कळत आहे, असे समजून आयुष्यभर हळहळतो. डॉक्टर डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून व छाती तपासून खात्री करतात. ती खात्री आपल्यालाही दाखवण्यास त्यांना सांगावे.

विमा असेल तर पुरण्यापूर्वी कंपनीला कळवावे, कानातल्या बिल्ल्यासह छायाचित्रे काढावीत आणि शवविच्छेदनाचा अहवाल घ्यावा. बिल्ला हरवला तर दावा बहुतेक फेटाळला जातो. दुःखात पैशाचा विचार करणे हलकेपणाचे वाटते, पण बैल कर्ज काढून घेतलेला असेल तर ते कर्ज त्याच्याबरोबर मातीत जात नाही.

मृत बैल माळावर टाकू नये. दयामरणाचे औषध मांसात राहते आणि ते खाणारी कुत्री, कोल्हे, गिधाडे त्याने मरू शकतात. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे किती झपाट्याने संपली, हे आपण पाहिले आहे. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली. विहीर व नाला यांच्यापासून दूर, पाणी साचत नाही अशा उंच जागी जेसीबीने सात-आठ फूट खोल खड्डा घ्यावा, चुना व खडे मीठ टाकावे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वर मातीचा चांगला उंचवटा ठेवावा. हळद-कुंकू, नारळ, नवे कापड हे ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे करावे.

आता जोडीदाराकडे वळावे, कारण या शोकात खरे काम तेथेच आहे. शक्य असल्यास पुरण्यापूर्वी त्याला मृत बैलाजवळ नेऊन हुंगू द्यावे. नंतरचे काही दिवस तो रिकाम्या दावणीकडे मान वळवून हंबरतो, गव्हाणीतले कुटार नुसते नाकाने सारतो, ढेपेलाही तोंड लावत नाही. त्याला गोठ्यात एकटे ठेवू नये. गाय किंवा वासरू शेजारी बांधावे आणि चारा हाताने घालावा. दोन दिवस रवंथ दिसला नाही, तर ते दुःख म्हणून सोडून न देता डॉक्टरांना बोलवावे. याच दिवसांत व्यापारी ‘एकटा बैल काय कामाचा’ म्हणत दारात येतात. त्यांना चहा पाजून परत पाठवावे, भाव ऐकूच नये. नवा बैल आणलाच, तर दोघांना आधी शेजारी बांधून एकत्र चारावे व रिकामी बैलबंडी ओढायला लावावी. पटाचे नाव त्या हंगामात काढू नये. जुना बैल डाव्या अंगाचा असेल तर त्याला उजवीकडे जुंपण्याचा हट्टही धरू नये.

धुरकऱ्याला घरी बोलावून जेवू घालावे. कासरा त्याच्या हातात होता, त्यामुळे गाव त्याच्याकडे बोट दाखवते आणि तो स्वतःलाही माफ करत नाही. चूक झालीच असेल तर तिची चर्चा तेराव्यानंतर, तीही चौघांत नव्हे. अपघाताची चित्रफीत मोबाइलवर फिरत असेल तर ती पुढे पाठवू नये व घरच्यांनी पुन्हा पुन्हा पाहू नये. मालकाची झोप उडाली, जेवण तुटले, कर्जाचे बोलणे वाढले, तर जिल्हा रुग्णालयात घेऊन जावे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

पट पौष-माघात होतात आणि पोळा येतो श्रावण अमावास्येला. मधल्या काळात दुःख निवल्यासारखे वाटते, पण खांदशेकणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकण्याच्या, संध्याकाळी तूप-हळद घेऊन गोठ्यात गेल्यावर ते पुन्हा उसळते. ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ हे पोळ्याचे आमंत्रण उरलेल्या बैलाच्या कानात सांगावेच. वर्ष टाळल्यास पुढच्या वर्षी ते अधिक जड जाते. गेलेल्याची झूल त्याच्या अंगावर घालावी की पेटीत ठेवावी, हे घरातल्या लहानांना विचारून ठरवावे, आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, त्यांनी आपल्या लाकडी बैलाला त्याचे नाव दिले तर हसू नये. तोरणाखाली एकटा बैल नेण्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याच्या बैलाशेजारी उभा करायचा असेल, तर दोघांची आठवडाभर आधी ओळख करून घ्यावी, कारण ढोल वाजू लागला आणि झडत्या (पोळ्यात म्हणायची कवने) रंगात आल्या की अनोळखी बैल शिंगावर येतात.